माळ, एकादशी आणि लिथियम : मानसोपचार वॉर्डातलं एक प्रकरण

हे प्रकरण मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवताना वापरते. कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांचे तपशील त्यात एकत्र केले आहेत. वय, नाती, गाव बदललं आहे. औषधांचा आणि शुश्रूषेचा भाग मात्र वॉर्डात जसा घडतो तसाच ठेवला आहे.

रुग्ण ५४ वर्षांचे शेतकरी, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जिरायती पट्ट्यातले. घराणं माळकरी. वडिलांपासून आळंदी ते पंढरपूर पायी वारी. तिशीत पहिल्यांदा उन्मादाचा झटका आला, मग एकदा खोल नैराश्य, आणि निदान झालं बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय आजाराचं. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या रात्री तीन गोळ्या, एकूण ९०० मिलिग्रॅम. त्यावर बरीच वर्षं चांगली गेली. शेती केली, मुलीचं लग्न केलं, दिंडीत टाळ धरला.

दाखल होताना

अक्षय्य तृतीयेनंतर दोन दिवसांनी बायको, थोरला मुलगा आणि चुलतभाऊ त्यांना जीपमधून घेऊन आले. आठवडाभर झोप जेमतेम दोन तास. पहाटे दोनला गावातली दारं वाजवून "काकड्याला उठा" म्हणून हाका. चाळीस टाळजोड्या उधारीवर आणलेल्या, तीन शेळ्या वाटून टाकलेल्या, गावजेवणासाठी आचाऱ्याला इसारही देऊन झालेला. मुलगा आडवा आला तेव्हा त्याच्या अंगावर लाकूड उगारलं. बोलणं इतकं भरभर की एका वाक्याचं शेपूट धरावं तोवर तिसरं सुरू.

अपघात विभागात हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिनचं, शांत करणारं इंजेक्शन दिलं गेलं. स्वतःचा निर्णय घेण्याच्या स्थितीत ते नव्हते, त्यामुळे मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ प्रमाणे दाखल केलं. या कलमाखाली दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाच्या बाजूने उभं राहणारं माणूस, म्हणून बायकोचं नाव लागलं. मुलाला ते फारसं रुचलं नाही, पण नवऱ्याचं पथ्यपाणी इतकी वर्षं तिनेच सांभाळलं होतं.

केसपेपरवर तीन गोष्टी होत्या : औषध स्वतःहून बंद केलं, आजाराची जाण नाही, स्वतःला संत समजण्याचा भ्रम. तिन्ही खऱ्या. पण पहिल्या दोन गोष्टींखाली काय आहे हे कळेपर्यंत दोन आठवडे गेले, आणि या प्रकरणातलं शिकण्यासारखं बरंचसं तिथेच आहे.

नोंदवहीतली 'मण्यांची माळ १'

मानसोपचाराचा रुग्ण आला की अंगावरचं सगळं काढायचं हा नियम. साखळी, करदोटा, पट्टा, ओढणी. गळफासाचा धोका असतो, त्यामुळे नियम चुकीचा नाही. वस्तूंच्या नोंदवहीत ओळ पडली : 'चांदीची अंगठी १, रोख ३४० रुपये, मण्यांची माळ १.' पाकीट सील झालं, खाली मुलाची सही.

रात्री ते इंजेक्शनच्या गुंगीत होते. सकाळी चहा परत, उपमा परत, पाणी परत. गोळी जिभेवर ठेवली तर थुंकून टाकली. रात्रपाळीच्या रिपोर्टात आलं : 'अन्न व औषध घेण्यास नकार. असहकार्य.' दुपारपर्यंत ओठ सुकले. उन्मादात माणूस सतत फिरत असतो, त्याला पाण्याची गरज जास्त. तेव्हा राउंडला सलाईन लावायचं की नाकातून नळी घालायची, यावर बोलणं चाललं होतं. नळी घालायची तर धरून ठेवावं लागणार. कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे शारीरिक बंधन फक्त तत्काळ धोका टाळायला, दुसरा उपायच नसेल तेव्हा आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. पण ते बाजूला ठेवलं तरी, चार जणांनी धरून नाकात नळी घातल्यावर तो माणूस आपल्याशी पुन्हा कशाला बोलेल?

बायको बाहेर जिन्यावर बसली होती. घरी ते असं कधी करतात का, एवढंच तिला विचारलं.

"माळ कुठंय त्यांची?" ती म्हणाली. "माळेबिगर पाण्याचा थेंब घेत नाहीत ते. मागं खुरपताना तुटली होती, तर पुन्हा ओवून होईस्तवर दिवसभर उपाशी."

हे तिने आधी का सांगितलं नाही? तिला वाटलं, दवाखान्यात एवढं ठाऊक असणारच.

माळ परत द्यायची तर धोका तपासून द्यायला हवी. ती पाहिली. तुळशीचे बारीक मणी, साधा सुती दोरा, गळ्यालगत बसणारी एकपदरी. झटका दिला तर दोराच तुटेल अशी. जीव देण्याचे विचार त्यांच्या बोलण्यात नव्हते, पूर्वीचा प्रयत्नही नव्हता. त्या वेळी वॉर्डात दुसऱ्याचं ओढून घेणारा रुग्ण नव्हता. डॉक्टरांशी बोलून ठरलं की माळ गळ्यात राहील, प्रत्येक पाळीला तिची आणि मनःस्थितीची नोंद होईल, आणि उन्माद उतरताना नैराश्याकडे झुकाव दिसला तर निर्णय पुन्हा घ्यायचा. उन्मादातून माणूस थेट नैराश्यात जाऊ शकतो, त्यामुळे ही शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

माळ हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली, घातली आणि लागोपाठ दोन ग्लास पाणी प्यायले. गोळी तिसऱ्या ग्लासाबरोबर गेली. नळीचा विषय संपला.

रात्रपाळीच्या ब्रदरने नंतर विचारलं, "सिस्टर, आपण किती लाड करायचे?" त्याचा प्रश्न मला रास्त वाटतो. पाठीशी पुरेशी माणसं नसताना तीसेक खाटा सांभाळणाऱ्याला प्रत्येक अपवाद म्हणजे वाढीव काम. पण माळ ठेवल्याने वाढलं ते पाळीमागे एका ओळीचं काम, आणि टळली ती नळी.

भक्ती किती, आजार किती

"मला विठ्ठलाने बोलावलंय," असं ते दिवसातून पन्नासदा म्हणायचे. "ज्ञानेश्वरी मीच सांगितली," असंही म्हणायचे. केसपेपरवर दोन्ही वाक्यं एकाच रकान्यात होती.

निदानाची पुस्तकं सांगतात की ज्या श्रद्धा त्या समाजात सर्वमान्य आहेत, त्यांना भ्रम म्हणू नये. आपला कायदाही कलम ३ मध्ये म्हणतो की समाजात रूढ असलेल्या धार्मिक वा सांस्कृतिक समजुतींशी कुणाचं जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. वाचायला सोपं आहे. पण त्या समाजात काय सर्वमान्य, हे ठरवणार कोण? मी कोकणातली. आमच्याकडे गणपती आणि शिमगा. वारी मी टीव्हीवर पाहिलेली. डॉक्टर विदर्भातले, वारीशी त्यांचाही संबंध तेवढाच. अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा विचारणं बरं.

बायकोची आणि त्यांची स्वतःची परवानगी घेऊन दिंडीच्या विणेकऱ्यांना भेटीच्या वेळेत बोलावलं. आजाराविषयी आम्ही त्यांना काही सांगितलं नाही, फक्त विचारलं. सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी सांगितलं ते असं : "देव बोलावतो, हे आम्ही सगळेच म्हणतो. ज्येष्ठ लागला की पाय घरात ठरत नाहीत. सपनात पांडुरंग आला तर त्यात येडेपण काय? पण ह्यो आठ दिस झाले, पाया पडून घेतो आन् स्वतः पडत न्हाई. वारकऱ्याच्या पाया कुणी पडलं की त्यानं लगेच वाकायचं, समोर बारकं पोर का असंना. ह्यो नुसता उभा राहतो. तिथंच मला कळलं, हे काय आपलं न्हाई."

इतकी नेमकी खूण कुठल्याच प्रश्नावलीत मिळाली नसती. निरीक्षणाच्या तक्त्यात झोपेचे तास, बोलण्याचा वेग, खाणंपिणं यांच्या शेजारी आम्ही एक रकाना वाढवला : पाया पडल्यावर काय करतात. वॉर्डातले एक म्हातारे रुग्ण दिसेल त्याला नमस्कार करायचे, त्यामुळे नोंदीला रोज संधी मिळे. पहिला आठवडाभर 'उभे राहिले' असंच लिहिलेलं आहे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका संध्याकाळी 'स्वतः वाकले' अशी नोंद आहे. त्याच रात्री झोप साडेपाच तास.

तोवर "मीच ज्ञानेश्वर" याला उत्तर काय द्यायचं? वाद घालायचा नाही आणि होकारही भरायचा नाही, हा मानसोपचार शुश्रूषेतला पहिला धडा. प्रत्यक्षात ते असं दिसतं : "तुम्हाला तसं वाटतंय, मी ऐकलं. मला तसं दिसत नाही. हे पाणी घ्या." वाक्यं लहान, आवाज खालचा, आणि प्रत्येक पाळीत शक्यतो एकाच माणसाने बोलायचं. यात एक अडचण आली. वारकरी एकमेकांना 'माऊली' म्हणतात, आणि वॉर्डातल्या मावशी, ज्या स्वतः दर वर्षी आळंदीला जातात, या रुग्णालाही आपसूक 'माऊली' म्हणू लागल्या. एरवी यापेक्षा आदराची हाक नाही. पण जो माणूस स्वतःला ज्ञानेश्वर माऊली समजतो आहे त्याला ती हाक म्हणजे दुजोरा. मग काही दिवस सगळ्यांनी 'काका' म्हणायचं ठरलं. मावशींना ते जड गेलं.

आणखी एक. गावातून आलेला, देवाधर्माचा माणूस म्हटला की आपण सगळं एकाच गाठोड्यात बांधतो. दाखल करण्यापूर्वी मुलाने आणि मामाने त्यांना एका देवऋषीकडे नेलं होतं. आम्ही धरून चाललो की हे त्यांच्या श्रद्धेतलंच. उलट त्यांचा सगळ्यांत मोठा राग त्याचाच होता. "माळकऱ्याला देवऋषाच्या दारात बसवलं," हे ते उन्मादातही आणि नंतरही सांगत राहिले. संतांच्या अभंगांत नवससायासांवर आणि असल्या उद्योगांवर कोरडे ओढलेले आहेत, हे त्यांना तोंडपाठ. मुलाला देवऋषी जवळचा, बापाला परका. एकाच घरातली ही दोन माणसं. देवऋषीने अंगारा आणि कसलीशी पूड दिली होती. अंगाऱ्याचं काही नाही. पुडीचं पाकीट मात्र मागवून घेतलं आणि पोटात किती गेली हे लिहून ठेवलं.

वॉर्ड सगळ्यांचा

उन्मादातला माणूस ताटावर बसत नाही. त्याच्या हातात चालता चालता खाता येईल असं द्यावं लागतं. शेंगदाण्याचे लाडू, केळी, पोळीची गुंडाळी. रुग्णालयाच्या ट्रेमध्ये उकडलेलं अंडं यायचं. ज्या ट्रेत अंडं ठेवलंय त्या ट्रेतली पोळीही ते घेईनात. स्वयंपाकघराला सांगून डबा वेगळा केला.

संध्याकाळी हरिपाठ म्हणायची त्यांना सवय. उन्मादात आवाज, गर्दी, उजेड जितका कमी तितकं बरं, म्हणून आधी बंदीच घालावी असं वाटलं होतं. पण हरिपाठाला सुरुवात आहे, शेवट आहे, ठरलेली चाल आहे. त्यांच्या दिवसाला दुसरं काहीच वळण लावत नव्हतं. मग टाळ नाही, अर्धा तास, साडेसहा वाजता, दिवसाच्या हॉलमध्ये, अशी परवानगी दिली. तीन-चार जण भोवती बसू लागले. वॉर्ड शांत वाटू लागला आणि आम्ही खूश झालो.

एका बौद्ध तरुणाने तिसऱ्या दिवशी विचारलं, "मी रोज हे का ऐकायचं? माझ्या बाबासाहेबांचं गाणं लावाल का मग?" तो नैराश्यातून नुकता बाहेर पडत होता, आठवडाभरातलं त्याचं ते सर्वांत लांब वाक्य. त्याचं म्हणणं बरोबर होतं. सरकारी दवाखान्याचा हॉल एका पंथाचा नाही. एकाच्या श्रद्धेची काळजी घेताना दुसऱ्याला नाइलाजाने त्यात बसवलं, तर त्याला संवेदनशील शुश्रूषा कशी म्हणायची? हरिपाठ मागच्या व्हरांड्यात हलवला. त्या तरुणाला दुपारच्या वेळेत रेडिओवर त्याची भीमगीतं मिळाली. शेजारच्या खाटेवर एक मुस्लिम आजोबा होते. नमाजाला जागा कुठे करतात, हे आम्ही त्यांना तोवर विचारलंच नव्हतं. ते खाटेवर बसूनच पढत होते आणि कुणालाही काही म्हणाले नव्हते. त्यांच्यासाठी व्हरांड्याचं दुसरं टोक मोकळं केलं.

गोळी का सुटली

राउंडला डॉक्टरांनी विचारलं होतं, "गोळी का बंद केलीत?" त्यावर उत्तर आलं, "चुकलं साहेब." अशा उत्तराने प्रश्न मिटतो, कळत काही नाही. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ मध्ये मांडलं की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच मानसोपचार शुश्रूषेचं मुख्य साधन आहे. आपल्याकडे परीक्षेत त्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. वॉर्डात त्याचा अर्थ असा की काही प्रश्न राउंडच्या घोळक्यात विचारायचे नसतात.

दुसरा आठवडा सरल्यावर ते औषधांची कागदी पाकिटं चिकटवायला बसू लागले होते. शेजारी बसून मी विचारलं, "काका, मागच्या वारीला काय झालं?" गोळीचं नाव काढलं नाही.

जे बाहेर आलं ते असं. फलटणच्या पुढे पाय आणि कंबर धरली. नातेपुत्याला मेडिकलमधून अंगदुखीची पुडी घेतली, दोन-तीन रंगांच्या गोळ्या, दिवसातून तीनदा. आराम पडला म्हणून पंढरपूरपर्यंत चालू ठेवल्या. भंडीशेगावला जुलाब लागले. आषाढी एकादशीला त्यांचा नेम निर्जळीचा. पाण्याचा थेंबही नाही, आणि दर्शनबारीत तासन् तास उभं. लिथियम मात्र न चुकता चालू, बायकोने मोजून पुड्या बांधून दिलेल्या. एकादशीच्या रात्री हात इतके कापू लागले की टाळ तालात पडेना. जीभ जड झाली, पाय भलतीकडे पडू लागले आणि चंद्रभागेच्या वाळवंटात ते पडले.

"मागनं कुणीतरी म्हणालं, माळ घालून ढोसलीय."

हे सांगताना ते पाकीट चिकटवत राहिले, माझ्याकडे बघितलं नाही. तीस वर्षांत सुपारीचं खांड तोंडात न टाकलेला माणूस. दुसऱ्या दिवशी तिथल्या आरोग्य तंबूत सलाईन लागलं, दोन दिवस गोळ्या घेतल्या गेल्या नाहीत, आणि त्यांना बरं वाटलं. त्यांनी सरळ हिशेब मांडला : गोळी घेतली की दारुड्यासारखं होतं, सोडली की होत नाही. घरी आल्यावर कधी घेतली कधी नाही, कार्तिकीनंतर पूर्ण सोडली. बायकोला दाखवायला पुडी उघडायचे आणि गोठ्यामागे टाकायचे.

त्यांचा निष्कर्ष अर्धा बरोबर होता. ती लिथियमची विषबाधाच होती. केसपेपरवर 'जाण नाही' असं लिहिलेल्या माणसाने लक्षणं आणि औषध यांचा संबंध आमच्याआधी ओळखला होता. वर्षभरात रक्तातलं लिथियम कुणी तपासलं नव्हतं, आणि वारीला जाणार का, उपवास कोणते करता, हे आमच्या छापील फॉर्मात कुठेच विचारलेलं नव्हतं.

मीठ, पाणी आणि मूत्रपिंड

लिथियमची उपचाराची पातळी आणि विषाची पातळी यांत अंतर फार थोडं. रोजच्या उपचारात रक्तात साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावं, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. नमुना शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी घ्यायचा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. त्यात बरीच वर्षं लिथियम घेणाऱ्याची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी झालेली असते, पाणी वाहून जातच राहतं; म्हणून निर्जळी उपवास इतरांपेक्षा त्याला महाग पडतो. अळणी वारांचंही तेच, मीठ बंद झालं की पातळी चढते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करून लिथियम बाहेर पडणं रोखतात. जुलाब, उलट्या यांनी भर. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासांच्या दिवसांत येतच असतात. लिथियमवरच्या माणसाला तसं झालं तर उलट्या थांबण्याची वाट पाहू नये. काकांच्या बाबतीत जुलाब, वेदनाशामक गोळ्या आणि निर्जळी उपवास एकाच आठवड्यात आले होते.

हाताची बारीक थरथर पातळी नीट असतानाही होते. मोठी, ढोबळ थरथर, जड जीभ, झोकांड्या, गोंधळलेपण ही विषबाधेची चिन्हं, आणि बघणाऱ्याला ती हुबेहूब दारूची वाटतात. गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा असतो.

मॅडेलिन लेनिन्जर या परिचारिकेने, ज्या मानववंशशास्त्रज्ञही होत्या, सांस्कृतिक शुश्रूषेचे तीन मार्ग सांगितले : रुग्णाची रीत आहे तशी जपणे, दोन्ही बाजूंनी सरकून तिला जागा करणे, किंवा रुग्णाला बरोबर घेऊन ती बदलणे. माळ पहिल्यात बसली. अंगदुखीच्या पुड्या तिसऱ्यात. त्या बंद, दुखलंच तर पॅरासिटॅमॉल. यावर वाद झाला नाही. घासाघीस झाली ती एकादशीवर.

तिची पहिली परीक्षा वॉर्डातच झाली. वैशाख शुद्ध एकादशी आली तेव्हा ते अजून उन्मादातच होते आणि म्हणाले, निर्जळी. त्या वेळी समजावण्यात अर्थ नव्हता. बायकोने साबुदाण्याची खिचडी आणली, मी तांब्या भरून ठेवला, आणि विणेकऱ्यांना फोन लावून दिला. ते एवढंच म्हणाले, "दुखणाईताला फराळ चालतो. पाणी पी." काका पाणी प्यायले. शास्त्र सांगून जे तासाभरात झालं नसतं ते दहा सेकंदांत झालं. अधिकार कुणाचा चालतो हे ओळखून त्याचा आधार घेण्यात मला कमीपणा वाटत नाही.

तब्येत ताळ्यावर आल्यावर मात्र मूत्रपिंडाचं सगळं गणित कागदावर चित्र काढून सांगितलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइडच्या तपासण्या करून लिथियम पुन्हा सुरू झालं होतं, सोबत उन्माद आवरणारं ओलान्झापिन. पहिली पातळी ०.५ आली, मात्रा वाढवल्यावर ०.८. हे आकडे त्यांना दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे गोळी वाईट न्हाई, पाणी कमी पडलं." मग ठरलं : महिन्याच्या दोन्ही एकादशा करायच्या, अन्न सोडायचं तर सोडा, पण पाणी रोजच्याइतकं, आणि ताक किंवा लिंबूपाणी सैंधव घालून. निर्जळी कायमची बंद. अळणी वार नाहीत. निर्जळी सोडताना त्यांचा चेहरा पडला. वडिलांचा नेम होता तो.

वारी

चोवीसाव्या दिवशी घरी सोडलं. पालखीला आळंदीहून निघायला तेव्हा तीन आठवडे होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या वर्षी पूर्ण वारी नाही. कारण फक्त उन्हातान्हाचं नव्हतं. पहाटेचा काकडा, रात्रीचं कीर्तन, झोप चार तास. उन्माद पुन्हा पेटायला तुटलेली झोप एकटीही पुरते. मुलाला तर ते घराबाहेरच पडायला नको होते. बायको गप्प होती. नंतर ती मला एकटीला म्हणाली की वारी पूर्ण बंद केली तर हे गोळी आणि वारी दोन्हींवर रुसतील.

तोडगा तिचाच : दोघांनी एसटीने वाखरीला जायचं, दिंडी तिथे गाठायची आणि पंढरपूरपर्यंतची शेवटची मजल पायी करायची. रात्रीची झोप धर्मशाळेत, सात तास, यावर तिची देखरेख. काका म्हणाले, ही काही वारी झाली नाही. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांनी ते स्वीकारलं, एवढंच म्हणता येईल.

आजाराची गोष्ट दिंडीत कुणाला सांगायची, हे त्यांनीच ठरवायचं होतं. त्यांनी विणेकरी आणि एक टाळकरी मित्र, अशा दोघांना सांगितलं. इतरांसाठी खिशात एक कार्ड. त्यावर आजाराचं नाव घातलं नाही. मजकूर असा : 'मी लिथियम नावाचं औषध घेतो. माझे हात जोरात कापू लागले, तोल गेला, बोलणं अडखळलं किंवा उलट्या-जुलाब झाले तर औषध थांबवून मला ताबडतोब दवाखान्यात न्या आणि रक्तातलं लिथियम तपासायला सांगा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. मी दारू प्यायलेलो नाही.' मागच्या बाजूला बायकोचा नंबर आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

आमच्या दाखल-फॉर्मात आता एक रकाना हाताने आखलेला आहे : उपवास, व्रत, रोजा, यात्रा, घरचं किंवा दुसरीकडचं औषध. छापील फॉर्म बदलायचा प्रस्ताव वर गेलेला आहे.

आषाढीनंतर ते तपासणीला आले. पातळी ०.९, किंचित वरची, क्रिएटिनिन ठीक. मात्रा तशीच ठेवली, महिन्याने पुन्हा रक्त, आणि कार्तिकीच्या आधी आणखी एकदा. बायकोचाही रक्तदाब त्या दिवशी मोजला. तो १६० वर १०० निघाला आणि तिलाही मेडिसिन ओपीडीचा कागद मिळाला. काकांचं कार्ड पावसात भिजून लगदा झालं होतं, त्यांना नवं हवं होतं, प्लास्टिकमध्ये घालून. मजकूर तोच ठेवू का, असं विचारलं तर म्हणाले, शेवटचं वाक्य पहिलं घ्या.